विद्यापीठ ग्रंथालयातील अभ्यासग्रंथ

विद्यापीठ ग्रंथालयातील अभ्यासग्रंथ : अध्यापन व संशोधन यांसाठी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जमवलेला ग्रंथसंग्रह. एकविषयी संशोधनग्रंथ, संपादित लेखसंग्रह, ऐतिहासिक साधनांच्या खंडमाला, चिकित्सक आवृत्त्या, कोश, सूची, गौरवग्रंथ, पीएच.डी.चे प्रबंध, गॅझेटियर व शासकीय अहवाल, बांधीव नियतकालिके आणि क्रमिक पुस्तके असे नाना प्रकार त्यात येतात. सार्वजनिक वाचनालय आजच्या सभासदांची आवड पाहून पुस्तके घेते. विद्यापीठाला मात्र अजून प्रवेशही न घेतलेल्या संशोधकाचा विचार करून खरेदी करावी लागते. त्यामुळे एखादा ग्रंथ वीस वर्षे कोणी मागितला नाही म्हणून तो घेण्यात चूक झाली, असे ठरत नाही.

ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय १६०२मध्ये खुले झाले आणि १६१०मध्ये लंडनच्या स्टेशनर्स कंपनीशी झालेल्या करारामुळे इंग्लंडात छापलेल्या ग्रंथांच्या प्रतींवर त्याला हक्क मिळाला. भारतीय विद्यापीठांना असे भाग्य लाभले नाही. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने नव्या पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर काही सार्वजनिक ग्रंथालयांना मिळतात; विद्यापीठांचा संग्रह खरेदी, देणगी आणि देवाणघेवाण यांवरच वाढतो. निवृत्त प्राध्यापकांनी दिलेली कपाटे, बंद पडलेल्या संस्थांचे संग्रह, एखाद्या विभागप्रमुखाचा हट्ट, या सगळ्याचे ठसे मांडणीवर दिसतात. कोणत्या विषयाचा प्राध्यापक जागरूक होता हे कपाटांवरून नजर फिरवली तरी कळते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि आईच्या नावाच्या राजाबाई मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न टाकता आराखडे केले आणि १८७८मध्ये बांधकाम पुरे झाले. त्या काळी विद्यापीठ शिकवत नसे, केवळ परीक्षा घेई. म्हणजे रंगीत काचांचे भव्य दालन आधी उभे राहिले आणि ज्यांच्यासाठी ते होते ते संशोधक पुढच्या शतकात, समाजशास्त्रासारखे पदव्युत्तर विभाग निघाल्यावर आले. पुण्यात तसे झाले नाही. विद्यापीठ स्थापन होताच १९५०मध्ये ग्रंथालय सुरू झाले. पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर यांचे नाव आज त्याला आहे.

संग्रहाचा कणा म्हणजे एकविषयी संशोधनग्रंथ. यांतले बरेचसे मूळचे प्रबंधच असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला, तो १९२३मध्ये छापून निघाला. त्यांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबिया विद्यापीठातील प्रबंध १९२५मध्ये ग्रंथरूपाने आला. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा केंब्रिजचा प्रबंधही १९२४मध्ये असाच ग्रंथ झाला आणि पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला. दुसऱ्या टोकाला महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास आहे. १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत निघालेली ही सहा हजारांहून अधिक पृष्ठे कोणत्याही पदवीसाठी लिहिलेली नाहीत. ती सलग वाचणारा विरळाच, आणि ते काही वावगे नाही. व्रते, श्राद्ध, दायभाग, तीर्थयात्रा यांपैकी हवे ते प्रकरण उघडून मागचा आधार तपासायचा, हीच त्यांची वापरण्याची रीत.

खरी श्रीमंती साधनग्रंथांत असते. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड, गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडीचे ४५ खंड, जुन्या मुंबई इलाख्याची गॅझेटियर, ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड (१९०५), जनगणनेचे अहवाल. यांना लेखक असा नसतोच; संपादक असतो आणि कधी नुसते खाते. निष्कर्ष जुने होतात, साधने होत नाहीत. राजवाड्यांची कित्येक मते आज कोणी मानत नाही, पण त्यांच्या प्रस्तावनांपुढे छापलेली पत्रे उघडल्याखेरीज अठराव्या शतकावर लिहिता येत नाही.

याच कुळातली चिकित्सक आवृत्ती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली आणि १९६६मध्ये पुरी केली. त्यासाठी १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. पानाच्या वरच्या भागात निश्चित केलेली संहिता आणि खाली बारीक टायपात पाठभेद अशी तिची रचना असते. नवखा विद्यार्थी वरचा भाग वाचतो, जाणकार खालच्यापासून सुरुवात करतो.

कोशांचा ताफा संदर्भ विभागात असतो आणि तो घरी मिळत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोश ही नावे मराठी वाचकाला सांगायला नकोत. गौरवग्रंथांबद्दल मात्र एक शब्द. थोर अध्यापकाच्या एकसष्टीला शिष्यांनी व सहकाऱ्यांनी लेख जमवून वाहिलेला हा ग्रंथ. काणे यांना १९४१मध्ये असा एक अर्पण झाला. विषयाला धरबंध नसल्यामुळे त्यातले उत्तम लेखही तालिकेत हरवतात. ज्या ग्रंथपालांनी अशा लेखांची स्वतंत्र पत्रके केली, त्यांचे उपकार संशोधकांवर आहेत.

मराठीतून उच्च शिक्षण देता यावे म्हणून नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांवर पुस्तके काढली. परिभाषेच्या बोजडपणाची त्यांच्यावर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. तरीही काही विषयांवर मराठीत उपलब्ध असलेले एकमेव पुस्तक तेच आहे.

अप्रकाशित प्रबंध हा विद्यापीठाचा खास ऐवज. पूर्वी त्याची प्रत एका दालनात असे आणि तिथेच बसून टिपणे घ्यावी लागत. २००९च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात ते सर्वांना खुले झाले. उत्तम प्रबंध दिसू लागले, तसे उसने प्रबंधही उघडे पडू लागले.

मराठी ग्रंथांचा एक मोठा साठा अमेरिकेत आहे, त्याचे कारण गहू. अमेरिकेच्या पी.एल. ४८० कायद्याखाली भारताने घेतलेल्या धान्याचे पैसे रुपयांत जमा होत. त्या रुपयांतून काँग्रेस ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयाने १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. शिकागो, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या ठिकाणी मराठी कादंबऱ्यांपासून संशोधनपर त्रैमासिकांपर्यंत सारे असे पोचले. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश आज आपण इंटरनेटवर पाहतो, तेही शिकागो विद्यापीठाच्याच प्रकल्पामुळे.

एवढ्या प्रकारांची मांडणी वर्गांकावर होते. बहुतेक ठिकाणी मेल्विल ड्यूई यांची १८७६ची दशांश पद्धती चालते. तिच्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच साहित्यांना प्रत्येकी एक सबंध दशक आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हा कोपरा मिळतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी महाविद्यालयाचे जग त्या आकड्यांत गोठलेले आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३३मध्ये दिलेली द्विबिंदू पद्धती अधिक लवचीक, भारतीय विषयांना न्याय देणारी. पण शिकायला कठीण म्हणून तिचा वापर मागे पडत गेला. हे नुकसानच झाले.

जागा अपुरी पडली की निर्लेखनाची, म्हणजे मागणी नसलेली पुस्तके संग्रहातून काढून टाकण्याची, चर्चा निघते. क्रमिक पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्यांना हा नियम लागू करण्यात काही बिघडत नाही. साधनग्रंथ किंवा जुने अहवाल ‘मागणी नाही’ एवढ्याच कारणाने काढणे मात्र अक्षम्य आहे, कारण त्यांचा तुटलेला संच पुन्हा जुळत नाही. ई-पुस्तकांनी जागेचा प्रश्न हलका केला. तथापि त्यांतली पुष्कळशी विकत नव्हे तर वर्गणीने मिळतात आणि वर्गणी थांबली की दार बंद होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय संस्थांना उपलब्ध होतात. ती योजना नियतकालिकांची आहे. ग्रंथांची खरेदी आजही प्रत्येक विद्यापीठाला आपापल्या अंदाजपत्रकातूनच करावी लागते.