एल्क : शिकारीच्या हंगामातील वर्तन, हवामान आणि चंद्रकला

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगेत आणि तिच्या लगतच्या प्रदेशात आढळणारे मोठे हरीण. शास्त्रीय नाव सर्व्हस कॅनाडेन्सिस. वापिटी हे त्याचे दुसरे नाव शॉनी लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या पुठ्ठ्याचा’ असा होतो. युरोपात एल्क म्हणजे मूस हा निराळाच प्राणी, त्यामुळे जुने प्रवासग्रंथ वाचताना गल्लत होते. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या वर भरतो, म्हणजे आपल्या बहुतेक सांबरांहून जड. अमेरिकेत सर्वाधिक एल्क कोलोरॅडो राज्यात आहेत. तेथे सप्टेंबरात धनुष्यबाणाचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रायफलींचा हंगाम असतो. एल्कच्या वर्षातली सर्वांत मोठी उलथापालथ याच तीन महिन्यांत होते, हे पुढचे सारे समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते. एकाच वेळी माज, थंडीची चाहूल, पहिला बर्फ आणि बंदूकधारी माणूस त्याच्या वाट्याला येतात. या चौघांपैकी कोणत्या कारणाने तो आज डोंगरधारेवर दिसला आणि उद्या नाहीसा झाला, हे वेगळे काढणे अवघड असते. ती अडचण सोडवायला चंद्र हे सोपे उत्तर पूर्वापार दिले जाते.

माजाचा काळ : नर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत माजावर असतात. खोल घोगऱ्या स्वरापासून चढत जाऊन तीक्ष्ण शिट्टीत संपणारी त्यांची साद दऱ्यांतून घुमते. नर माद्यांचा कळप राखतो, प्रतिस्पर्ध्यांशी झुंजतो आणि खाणेपिणे इतके विसरतो की हंगामाअखेर त्याचे वजन बरेच उतरलेले असते. माज सुरू होतो तो दिवस लहान होऊ लागल्यामुळे. रात्र वाढली की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन अधिक काळ स्रवते आणि त्यावरून पुढची संप्रेरके जागी होतात. चंद्राने माज ठरवला असता तर काय झाले असते, याचा हिशेब करता येतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने पौर्णिमा दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. माजही तसाच सरकला असता आणि सुमारे साडेआठ महिन्यांच्या गर्भकाळानंतर पाडसांचा जन्मही आठवड्यांनी पुढेमागे झाला असता. प्रत्यक्षात पाडसे वर्षानुवर्षे मेअखेर ते जूनमध्येच जन्मतात, कारण कोवळा चारा तेव्हाच असतो. त्याआधी जन्मलेले पाडूस थंडीने मरते आणि नंतर जन्मलेले हिवाळ्यापर्यंत पुरेसे वाढत नाही.

हवामानाने माजाची तारीख हलत नाही, माजाचा आवाज मात्र हलतो. सप्टेंबरात एल्कच्या अंगावर हिवाळी केस चढू लागलेले असतात आणि दुपारी ऊन कडक पडू शकते. अशा दिवशी नर उत्तरेकडील उतारावरच्या दाट सूचिपर्णी झाडीत बसून राहतो, चिखलात लोळतो, आणि साद घालतो ती मुख्यतः रात्री. दिवसभर रान गप्प राहिले म्हणून ‘यंदा माज उशिरा आहे’ असे शिकारी म्हणतात. वास्तविक माज चालूच असतो, फक्त रात्रपाळीला. थंडीची लाट आली की सकाळी नऊ-दहापर्यंत सादा ऐकू येतात आणि तेच शिकारी माज पेटला म्हणतात.

वारा : या विषयात सर्वांत कमी लिहिली जाणारी आणि नोंदकर्त्याच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एल्क डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवतो. शालेय भूगोलातील पर्वतीय आणि दरीय वारे येथे जिवंत होतात. पहाटे थंड, जड हवा उतारावरून दरीत वाहते; ऊन चढले की तापलेली हवा वर सरकते; संध्याकाळी पुन्हा उलटते. रात्री खालच्या माळावर चरलेला कळप सकाळी डोंगर चढतो तेव्हा वरून उतरणारी हवा त्याच्या नाकावर येते, म्हणजे पुढचे त्याला आधीच कळते. मग तो उताराच्या वरच्या भागात रवंथ करीत बसतो. तेथे दुपारी खालून चढणारी हवा दरीतला वास आणून देते आणि धारेपलीकडून येणारा वारा पाठीमागची खबर देतो. ही जागा योगायोगाने निवडलेली नसते. वारा उलटण्याच्या वेळी हवा काही काळ दिशाहीन फिरते, तेव्हा कळप अस्वस्थ होतो. वादळी वाऱ्यात तर वास आणि आवाज दोन्ही निकामी होतात. मग एल्क आडोशाच्या घळीत शिरतो आणि हलत नाही.

हवेचा दाब उतरू लागला की एल्क चरायला बाहेर पडतो, असे शिकाऱ्यांमध्ये ठामपणे सांगितले जाते. परंतु दाबाबरोबरच तापमान, ढग आणि वारा बदलतात, त्यामुळे एकट्या दाबाला श्रेय देता येत नाही. वादळ सरल्यावर भुकेला कळप उघड्यावर येतो, एवढे मात्र नेहमी पाहण्यात येते.

बर्फ : पहिल्या शिंतोड्याने एल्क डोंगर सोडत नाही. तो खुरांनी बर्फ उकरून गवत खातो. थर अर्धा मीटरच्या आसपास गेला, किंवा वितळून पुन्हा गोठल्याने वर कडक पापुद्रा बसला, की उकरण्याचा खर्च गवताच्या पोषणाहून जास्त होतो आणि कळप खालच्या दऱ्यांकडे निघतो. माद्या आणि पाडसे आधी, पोक्त नर सर्वांत शेवटी. त्यांचे पाय लांब असतात आणि माजानंतर त्यांना एकांतही हवा असतो. चिनूक हा उबदार वारा वाहिला आणि दक्षिणेकडील उतार उघडे पडले तर उतरलेले कळप पुन्हा चढतात. पूर्वी हिवाळी कुरणे शेतांनी व वस्त्यांनी अडवल्यामुळे खाली उतरलेले हजारो एल्क उपाशी मेले. वायोमिंगमधील जॅक्सन येथे 1912 साली एल्कसाठी राखीव अभयारण्य स्थापन झाले ते या अनुभवातून. तेथील कळपांचा अभ्यास ओलाउस म्यूरी यांनी 1927 पासून केला आणि त्यांचा एल्कवरील ग्रंथ 1951 मध्ये प्रसिद्ध झाला.

चंद्रकला : पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून रात्रभर राहतो. शिकाऱ्यांचा समज असा, की त्या प्रकाशात एल्क रात्रभर चरतो, पहाटेपूर्वीच झाडीत जातो आणि भर दुपारी पुन्हा उठतो. म्हणून सुट्टी अमावास्येच्या आठवड्यात घ्यावी. 1926 मध्ये जॉन आल्डेन नाइट यांनी चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून प्राण्यांच्या हालचालीच्या वेळा मांडल्या. त्यांची कोष्टके आजही विकली जातात. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घालून झालेल्या अभ्यासांत चंद्रकलेचा परिणाम क्षीण आढळला. त्यांची मुख्य हालचाल पहाटे व तिन्हीसांजेलाच राहिली. दुपारच्या उठण्यालाही चंद्राची गरज नाही. रवंथ करणारा प्राणी दर काही तासांनी उठून चार घास खातोच.

महाराष्ट्रातील वाचकाला चांदणे आणि रान यांचे नाते बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेच्या मचाणावरून ठाऊक आहे. तेथे चांदणे माणसाच्या डोळ्यांसाठी असते. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार करता येते, म्हणजे चांदण्याचा शिकाऱ्याला थेट उपयोग शून्य. एल्कच्या डोळ्यांत अंधुक प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, त्यामुळे चांदण्याविनाही त्याचे अडत नाही. मग रात्र महत्त्वाची का? कारण रात्री बंदूक झोपलेली असते. लांडग्यांच्या बाबतीतही हेच दिसते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ते 1995-96 साली परत आणले गेले. तेथील एल्क लांडगे शांत असतात त्या तासांत धोक्याच्या उघड्या माळावर चरतात, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. एल्कचे घड्याळ त्याच्या शत्रूच्या घड्याळावर चालते. हंगामाच्या पहिल्या गोळीनंतर तो निशाचर होतो, रस्त्यांपासून दूर सरकतो आणि शिकारीला मज्जाव असलेल्या खाजगी जमिनीवर जातो. ऑरेगनमधील स्टार्की वनात 1989 पासून चाललेल्या प्रकल्पाने वाहतुकीच्या रस्त्यांपासून त्याचे हे दूर राहणे मोजून दाखवले. कॅनडातील अल्बर्टा भागातील अभ्यासात वयस्क माद्या वर्षागणिक सावध होत गेलेल्या आढळल्या, इतक्या की म्हाताऱ्या माद्या क्वचितच गोळीला सापडत. पौर्णिमा हंगामाच्या तिसऱ्या दिवशी आली आणि रान रिकामे वाटले, तर दोन दिवसांच्या गोळीबाराचा दोष चंद्रावर जातो.

तुलनेसाठी काश्मीरमधील हंगूल पाहावा. तो एल्कचा जवळचा नातलग असून दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात राहतो. तेथे शिकारीचा हंगाम नसतो. तरी त्याचाही माज सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतो, आणि वरच्या दाचीगाममध्ये बर्फ साचला की तो खालच्या दाचीगाममध्ये उतरतो.