पिवळ्या पट्ट्याचा इतिहास : परभणीच्या रस्त्यापर्यंत कायदा कसा पोहोचला?

१/८
परभणीच्या स्टेशन रोडपासून मुंबईच्या हमरस्त्यांपर्यंत, फुटपाथच्या व दुभाजकाच्या कडेला काळे-पांढरे पट्टे ओढण्याची रीत सर्वत्र आहे. पुष्कळदा तीच ‘नो पार्किंग’ची खूण समजली जाते. प्रत्यक्षात त्या पट्ट्यांचा वाहन उभे करण्याशी संबंध नाही. मग मनाई सांगणारी खूण कोणती, आणि ती आली कोठून?

२/८
‘जगातील पहिला नो पार्किंग फलक’ म्हणून असिरियाचा राजा सेन्नाचेरिब (इ. स. पू. ७०५–६८१) याच्या निनेव्हे येथील लेखाचा दाखला दिला जातो. मात्र त्या लेखात रथ उभे करण्याची गोष्टच नाही. राजमार्गावर पुढे सरकवून घर बांधणाऱ्यास त्याच घरावर सुळी दिले जाईल, अशी ती ताकीद आहे. तत्त्व मात्र ओळखीचे आहे : वाट अडवू नये.

३/८
हेच तत्त्व १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८३ म्हणून आले. सार्वजनिक मार्गात अडथळा आणणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कायद्याचा रोख वाहनावर नव्हे, अडथळ्यावर होता.

४/८
परभणी मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे लागू नव्हते. वाहनतळ ठरविण्याचा अधिकार देणारा १९३९ चा मोटार वाहन कायदाही संस्थानाच्या सीमेबाहेरच राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. पुढे १ एप्रिल १९५१ रोजी, एकाच केंद्रीय कायद्यान्वये, दंड संहिता आणि मोटार वाहन कायदा हे दोन्ही हैदराबाद राज्याला लागू झाले. परभणीचा आणि मुंबईचा रस्ता त्या दिवशी एका कायद्याखाली आला.

५/८
रंगांची भाषा त्यानंतरची. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९७० मध्ये रस्त्यावरील खुणांची संहिता (आयआरसी:३५) प्रसिद्ध केली. काळे-पांढरे पट्टे रात्री कड दिसावी म्हणून. सलग पिवळा पट्टा वाहन उभे करण्यास मनाई म्हणून.

६/८
फलकांचीही अशीच लिपी आहे. लाल कडेच्या निळ्या वर्तुळावर एक तिरपी लाल रेघ म्हणजे वाहन उभे करून ठेवण्यास मनाई. दोन रेघांची फुली म्हणजे क्षणभर थांबण्यासही मनाई.

७/८
पट्टा नाही म्हणजे मुभा आहे, असा अर्थ मात्र होत नाही. १९८९ च्या नियमावलीने आणि तिची जागा घेणाऱ्या २०१७ च्या नियमावलीने चौक, वळण, फुटपाथ, बसथांबा, शाळा व रुग्णालयाचे प्रवेशद्वार येथे वाहन उभे करणे निषिद्धच ठरविले आहे. तेथे रंगाची वाट पाहावी लागत नाही.

८/८
कलम २८३ मधील दंडाची कमाल मर्यादा दीड शतकाहून अधिक काळ २०० रुपयेच राहिली. १८६० मध्ये जरब बसविणारी ही रक्कम काळाच्या ओघात किरकोळ झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ ने ती ५,००० रुपयांवर नेली. रुग्णालयाच्या दारात अडलेल्या रुग्णवाहिकेला मात्र दंडाचा आकडा वाट करून देत नाही. ती वाट माणसांनीच मोकळी ठेवावी लागते. रंग उडतो, नियम उडत नाही.