दगडावरची लक्ष्मी

कॉम्प्युटरवर काढलेलं देवाचं चित्र ही कला म्हणायची का, असं चित्रकला शिकणारी मुलं मला विचारतात. माझं आयुष्य कॅलेंडरच्या छापखान्यात गेलं, रंग वेगळे करणाऱ्या टेबलावर. मुलांना मी मळवलीच्या छापखान्याची हकिकत सांगतो.

राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. पुढे मुंबईत प्लेग आला, आणि काही वर्षांतच छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळकेही काही काळ तिथे कामाला होते. छापील देव त्याआधी नव्हते असं नाही. पुण्याचा चित्रशाळा छापखाना 1878 चाच, आणि त्याचं रामपंचायतन घरोघर लागलेलं होतं. पण रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीने लोकांची नजरच बदलली.

ती लक्ष्मी नीट पाहा. पाण्यातलं कमळ, चार हात, हातांत पुन्हा कमळं, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. हत्ती आणि कमळाची ही खूण सांचीच्या तोरणांवर दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहे. रविवर्म्यांनी ती ठेवली, पण देवीला साडी नेसवली आणि अंगावर तैलरंगातला छाया-प्रकाश आणला. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींना हेच खटकलं: देव माणसासारखे, नाटकातल्या पात्रांसारखे झाले, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटत नाही. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या भिंतीवर ही लक्ष्मी गेली.

आता यंत्राचं बोलू. रविवर्म्यांच्या छापखान्यात चाले तो शिळाछाप, म्हणजे दगडावरून छपाई. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडीचा. मूळ चित्र समोर ठेवून कारागीर ठरवी: गालावरच्या गुलाबीत तांबडा किती, पिवळा किती, सावलीला निळा कुठवर. मग तेलकट शाईने तो त्या त्या दगडावर उलटं चित्र काढी, ठिपक्याठिपक्याने. कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जाई. एक दगड केसभर सरकला की देवीचे ओठ चेहऱ्याबाहेर. शेवटी वॉर्निश, म्हणजे चित्र तैलचित्रासारखं दिसे. हा छाप यंत्राने दाबला, पण तो गाल घडवला त्या कारागिराने. चित्राखाली नाव मात्र रविवर्म्यांचं.

चित्र घरी आल्यावरही काम संपत नसे. बायका देवीच्या साडीवर खरी जर शिवत, टिकल्या आणि मणी लावत, मग काचेत बसवत. एकाच दगडावरून निघालेल्या दोन लक्ष्म्या अशाने वेगळ्या होत.

आजची मुलं पडद्यावर लेयरवर लेयर चढवतात, तेव्हा मला ते दगडच दिसतात. सावली कुठे थांबवायची हे ज्याने स्वतः ठरवलं, त्याचं चित्र कला आहे, मग हातात कुंचला असो की स्टायलस. ज्याने काहीच ठरवलं नाही, आयतं आलेलं तसंच पुढे पाठवलं, त्याचं नाही. हाच नियम मी माझ्या टेबलावरच्या कामालाही लावत आलो.

मळवलीचा छापखाना 1972 मध्ये जळाला. दगडांवर राबलेल्या त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. म्हणून मुलांना एवढंच सांगणं: चित्र पडद्यावर काढा, पण खाली आपलं नाव घाला, आणि रंगात कुणी मदत केली असेल तर त्याचंही.