पीक जोमदार आलं, पण श्रेय खताचं की मातीचं?

नवं खत घातलेल्या वाफ्यात जास्त पीक आलं. पण तिथली मातीच कसदार असेल तर? हा गुंता सोडवण्याची पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात घडवली आणि १९३५ मध्ये पुस्तकात मांडली. तिची तीन तत्त्वं आजही विद्यापीठात सुरुवातीलाच शिकवतात:

- रँडमायझेशन: कोणत्या वाफ्यात कोणतं खत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आवडनिवड आड येत नाही.
- रेप्लिकेशन: प्रत्येक खत अनेक वाफ्यांत वापरा. योगायोग किती, याचा अंदाज येतो.
- ब्लॉकिंग: सारख्या मातीचे वाफे एका गटात घ्या आणि प्रत्येक गटात सगळी खतं वापरा.

हे सगळं पेरणीआधीच ठरवायचं. रचनाच चुकली, तर नंतरची आकडेमोड ती सावरू शकत नाही आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत शेतकरी मोजतो.