‘आपल्यात असं लग्न होत नसते’



आमच्या पुतणीचं लग्न ठरलंय. मुलगा पुण्याकडचा, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, त्यावर घरात कुणाची काही हरकत नाही. हरकत आली ती लग्नाच्या पद्धतीवर. माझे मोठे भाऊ ती शाळेत असतानाच गेले. वहिनीने शिवणकाम करून दोन लेकरं शिकवली. आता रीतीप्रमाणे कन्यादानाला बसायचं मी आणि माझ्या बायकोने, आणि वहिनीने हळदीच्या वेळी सुद्धा बाजूला उभं राहायचं. पोरगी म्हणाली, “काका, मले मायनं वाढवलं, तं मांडवात तेच समोर राहीन. अन् दान मी काई होत नाही. मले सत्यशोधक पद्धतीनं लग्न करायचं हाय.”

त्यावर आमची मोठी बहीण, म्हणजे तिची आत्या, एकच वाक्य बोलली, “आपल्यात असं लग्न होत नसते.”

या ‘आपल्यात’ शब्दावर मी गेले दोन महिने अडकलोय. आपल्यात म्हणजे कुणात? सौंसर-पांढुर्ण्यात? मराठी माणसांत?

पांढुर्ण्यापासूनच बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते हे तुम्हाला सांगायला नको. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव. ही रीत कशावरून पडली म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं काय सांगतात? पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन नदीतून निघाला आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. दंतकथाच आहे, पण आपली आहे. घरच्यांना न विचारता लग्नाला निघालेल्या त्या जोडप्यापायी आपण आजही डोकी फोडून घेतो, झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतो, आणि घरच्या पोरीने भटजी नको म्हटलं की “आपल्यात असं नसते”!

आता पुतणी ज्या सत्यशोधक पद्धतीचं नाव घेते, ती काही काल-परवाची नाही. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि तीनच महिन्यांनी, 25 डिसेंबरला, त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची लेक. भटजी नाही, हुंडा नाही, पानसुपारीपलीकडे खर्च जवळजवळ नाही. पुढे 4 फेब्रुवारी 1889 ला जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या दत्तक मुलाचं, यशवंताचं, लग्नही असंच लावलं. लोकांना सांगायचं एक आणि घरात करायचं दुसरं, असा मामला नव्हता.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. 1887 साली जोतीरावांनी या समाजाच्या मंगलाष्टकांसह पूजाविधीचं छोटं पुस्तक छापलं. आपल्या नेहमीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे दुसरेच असतात. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुकाट उभे, डोक्यावर तांदळाचा मारा चालू. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत ती दोघंच एकमेकांशी बोलतात. नवरी बायकांच्या हक्काचं मागते आणि नवरदेव सगळ्यांदेखत तो शब्द देतो. 1887 साली! माझ्या लग्नात मी आणि बायको काय बोललो असू? “पंखा इकडं फिरवा” एवढंच.

हे सोपं गेलं असं समजू नका. जुन्नरजवळच्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजीशिवाय लावलं, तर गावच्या जोश्यांनी दक्षिणेसाठी दावा लावला. बोलावलं नाही तरी आमचा हक्क आहे, असं म्हणणं. भांडण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे पाटलांच्या बाजूने निकाल लागला.

बहीण म्हणाली, “ते पुण्याकडचं. आपल्या इकडचं सांग.”

तर इकडचं. पंजाबराव देशमुखांनी 1927 साली विमलाबाई वैद्यांशी लग्न केलं, जातीबाहेर. अमरावतीच्या पाटलाचा विलायतेत शिकून आलेला पोरगा, आणि नवरी मुंबईची सोनाराघरची. तेव्हा किती तोंडं फिरली असतील! याच विमलाबाई पुढे राज्यसभेवर गेल्या. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता तर आपल्या कितीतरी घरांत आहे. त्यात लग्नावर अख्खा अध्याय आहे आणि कर्ज काढून थाटाची लग्नं करणाऱ्यांना महाराजांनी चांगलंच सुनावलंय. आपण पारायण करतो आणि मग बस्ता फाडायला नागपूरला गाडी भरून जातो.

आणि आपल्या गावातल्या बौद्ध वस्तीतली लग्नं? 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, पांढऱ्या कपड्यांत, मुहूर्ताशिवाय लग्नं लागतात. त्या पंगतीत मी लहानपणापासून जेवतोय. ती लग्नं आपल्या डोळ्यांसमोर झाली, पण ‘आपल्यात’ मोजली नाहीत. हे जरा आपणच आपल्याला विचारायला पाहिजे.

बहिणीचा दुसरा प्रश्न मात्र खरा होता. “उद्या काई झालं तं पोरीचं लग्न कोर्टात टिकीन का?” विधवा भावजय डोळ्यांसमोर असलेल्या बाईचा प्रश्न आहे तो, उगाच नाही विचारला.

त्यासाठी मी कायदा पाहिला. 1955 चा हिंदू विवाह कायदा दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी मागतो. जिथे सप्तपदी रूढीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. म्हणजे ज्या घरात सत्यशोधक रीत कधी नव्हती, तिथे पुढे कुणी वाद काढू शकतो. तमिळनाडूने 1967 साली असल्या लग्नांसाठी कायद्यात वेगळं कलम घातलं, आपल्या मध्य प्रदेशात तसं नाही.

मग उरतो विशेष विवाह कायदा. याचं मूळ 1872 च्या कायद्यात आहे, पण तेव्हा त्याखाली लग्न करायचं तर आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, कुठल्याच मोठ्या धर्माचे नाही, असं लिहून द्यावं लागे. ती अट हिंदू, बौद्ध, शीख, जैनांसाठी 1923 साली निघाली, आणि ती काढायला लावणारे हरिसिंह गौर हे आपल्याच प्रांतातले. जन्म सागरचा, वकिली नागपुरात, तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष. सागरचं विद्यापीठही त्यांनीच 1946 ला उभं केलं. छिंदवाडा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. तेव्हा ‘इकडचं सांग’ला यापेक्षा जवळचं उत्तर माझ्याकडे नाही.

1954 चा आजचा कायदा असा आहे: दोघांपैकी एक जण किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, 30 दिवस हरकतीची वाट पाहायची. मग तीन साक्षीदार. जादा फी भरली तर अधिकारी जवळपासच्या ठिकाणी, म्हणजे मांडवात सुद्धा, येऊ शकतो. आणि लग्न कुठल्या पद्धतीने लावायचं ते दोघांवर सोडलंय. फक्त एक वाक्य दोघांनी एकमेकांना म्हणायलाच पाहिजे: मी तुला कायदेशीर नवरा, किंवा बायको, म्हणून स्वीकारते-स्वीकारतो. त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. नवरा-नवरीने स्वतः बोलावं, हेच तर जोतीरावांचं!

हे ऐकल्यावर बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “साक्षीदारात माहं नाव टाक. पण हळद मी लावीन, त्यात कोनाचं ऐकनार नाही.” हळदीला पुतणीची ना नाहीच. पहिली हळद वहिनी लावणार, दुसरी आत्या. नोटीस पुढच्या आठवड्यात पांढुर्ण्याला द्यायची आहे. आता सौंसर-पांढुर्णा जिल्हा आपलाच झालाय, छिंदवाड्याला खेटे नकोत. तुमच्या घरात आजा-आजीच्या काळात कुणाचं असं वेगळं लग्न लागलं असेल तर खाली जरूर लिहा, बहिणीला वाचून दाखवतो.

ते वाक्य दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत चालतं, असं कायद्यातच लिहिलंय. पुतणीने सध्या ठरवलंय, “मी तुले माहा कायदेशीर नवरा म्हनून घेतो.” पुण्याकडच्या नवरदेवाला बाईच्या तोंडचं ‘घेतो’ ऐकून हसू आवरत नाही. तिने त्याला सांगितलंय, मांडवात हसला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागेल.