आणीबाणी आणि नागरिकांचे कर्तव्य : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

देशभक्तीचा विचार आपल्याकडे प्रायः परकीय सत्तेच्या संदर्भात केला जातो. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर मात्र या भावनेची कसोटी बदलते. स्वकीयांचेच शासन नागरिकांचे हक्क स्थगित करते, तेव्हा देशनिष्ठा आणि शासननिष्ठा एकच मानावयाच्या काय, असा प्रश्न उपस्थित होतो. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या कालखंडात भारतीय नागरिकांसमोर तो प्रत्यक्ष उभा राहिला. महाराष्ट्रातील काही घटनांच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राज्यघटनेच्याच मार्गाने

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अनुच्छेद ३५२ मधील 'अंतर्गत अशांतता' या कारणाखाली आणीबाणी जाहीर झाली. राष्ट्रपतींची स्वाक्षरी आधी झाली. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. अनुच्छेद १४, २१ व २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. शहा आयोगाच्या अहवालानुसार केवळ 'मिसा' कायद्याखाली ३४,९८८ व्यक्तींना स्थानबद्ध करण्यात आले.

हे सर्व राज्यघटना मोडीत न काढता घडले, ही गोष्ट अभ्यासकाने विशेषत्वाने लक्षात घेतली पाहिजे. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. घटनेची कलमे स्वतःचे रक्षण स्वतः करू शकत नाहीत, हे त्या इशाऱ्यामागील मर्म होते.

'अनुशासन' या शब्दाचा वाद

आणीबाणीच्या समर्थनार्थ शिस्त, उत्पादन आणि राष्ट्रीय ऐक्य यांचा उद्घोष करण्यात आला. पवनार येथे मौनात असलेल्या विनोबा भावे यांचे 'अनुशासनपर्व' हे शब्द शासकीय प्रचाराने उचलून धरले. विनोबांनी पुढे शासन आणि अनुशासन यांत भेद केला. शासन सत्ताधाऱ्यांचे असते, तर अनुशासन निर्भय व निष्पक्ष आचार्यांचे असते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जानेवारी १९७६ मध्ये पवनार येथे आचार्यांचे संमेलनही भरले. मूळ शब्दाचा मात्र व्हावयाचा तो उपयोग होऊन गेला होता. आज्ञाधारकपणालाच देशभक्ती म्हणण्याची सोय त्याने करून दिली.

महाराष्ट्रातील प्रतिकार

या काळात हजारो कार्यकर्त्यांनी कारावास पत्करला. त्याबरोबरच, आपापल्या व्यवसायाच्या मर्यादेत राहून लोकशाहीची मोकळी जागा टिकविणाऱ्यांचे कार्यही तितकेच उद्बोधक आहे. मुंबईत नागरी स्वातंत्र्याविषयी वकिलांची एक खाजगी सभा योजण्यात आली होती. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारताच हे वकील न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मिनू मसानी यांनी 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकातील मजकूर रोखणाऱ्या आदेशांना आव्हान दिले. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश अवैध ठरविताना, शासनाशी मतभेद व्यक्त करणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व अधोरेखित केले.

डिसेंबर १९७५ मधील कराड येथील साहित्य संमेलन हे दुसरे महत्त्वाचे उदाहरण होय. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री होते, तर अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या. जयप्रकाश नारायण त्या वेळी मुंबईत आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी व्यासपीठावरून प्रार्थना केली. एरवी हे केवळ सौजन्य ठरले असते. त्या दिवसांत तो प्रतिकार ठरला. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

प्रतिकाराच्या मर्यादा

तथापि, या उदाहरणांवरून सर्व समाज जागृत होता, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. सुशिक्षित वर्गातील पुष्कळांनी मौन पाळले. वेळेवर धावणाऱ्या गाड्यांचे कौतुक करणारेही थोडे नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग बंद केला. न्या. हं. रा. खन्ना यांचे भिन्नमत एकाकी राहिले आणि त्यांना डावलून १९७७ मध्ये अन्य न्यायाधीशांची सरन्यायाधीशपदी नियुक्ती झाली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत देशात सत्तांतर झाले, तरी महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा काँग्रेसनेच जिंकल्या. मतदारांचा कौल येथे उत्तर भारताइतका निःसंदिग्ध नव्हता.

समारोप

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' या शब्दांच्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक झाला आणि अनुच्छेद २० व २१ यांचे संरक्षण अबाधित राहिले. १९७६ चा बहुमताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टपणे रद्दबातल ठरविला. न्या. खन्ना यांची भूमिका अखेर मान्य झाली. पण त्यास ४१ वर्षे लागली.

कायद्यातील त्रुटी दूर होऊ शकतात. भीतीने गप्प राहण्याची सवय दूर करणारी घटनादुरुस्ती मात्र संभवत नाही. वकिलाने याचिका करणे, संपादकाने मजकूर मागे न घेणे, साहित्यिकाने व्यासपीठावरून आजारी माणसाचे नाव घेणे, ही कृत्ये स्वतंत्रपणे लहान दिसतात. परंतु लोकशाहीचे रक्षण अशाच कृत्यांनी होते. अध्यापकांच्या दृष्टीने विनोबांनी केलेला भेद येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. निर्भयता हे आचार्याचे लक्षण असेल, तर वर्गात प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य जपणे, हेही देशभक्तीचेच कार्य होय.