नाकातून जाणारी वाट

पिट्युटरी ग्रंथी कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. वर डोळ्यांच्या नसा, दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. त्यातल्या त्यात मोकळी बाजू खालची, नाकामागच्या पोकळीची. या ग्रंथीतली गाठ नाकातून काढणं ही दुर्बिणीबरोबर आलेली नवलाई आहे, असा समज आहे. वास्तविक ही वाट शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे आणि मध्यंतरी ती जवळजवळ बुजली होती. ती का बुजली आणि पुन्हा का उघडली, याचं उत्तर सर्जनच्या धाडसात शोधण्यात अर्थ नाही. उजेड किती आत पोहोचला, त्यावर सगळं ठरत गेलं.

16 मार्च 1907 रोजी इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी रुग्णाचं नाक कापून बाजूला उलटवलं आणि गाठ गाठली. काही आठवड्यांनी रुग्ण दगावला. शवविच्छेदनात दिसलं की गाठीचा बराच भाग आतच राहिला होता. हात पोहोचला होता, नजर नाही. 1910 मध्ये व्हिएन्नाच्या ऑस्कर हिर्श यांनी स्थानिक भूल देऊन थेट नाकपुडीतून हेच काम केलं. हिर्श नाकाचे डॉक्टर. अंधाऱ्या पोकळीत उजेड पाडून काम करणं हा त्यांचा रोजचाच उद्योग, हा योगायोग नव्हे. अमेरिकेत हार्वे कुशिंग वरच्या ओठाखालून शिरत. 1910 ते 1925 या काळात त्यांनी अशा 231 शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचं प्रमाण 5.6 टक्के राखलं, तेही प्रतिजैविकं नसताना! तरीही पुढे त्यांनी ही वाट सोडली. कवटी उघडून वरून गेलं की दबलेल्या नसा आणि वर चढलेली गाठ डोळ्यांना दिसे. कुशिंग वळले, तशी बहुतेक मेंदूशल्यचिकित्सकांची पावलंही वळली.

यावर कोणी म्हणेल की वाट वाचवली ती गुरुपरंपरेनं. एडिंबरोचे नॉर्मन डॉट हे कुशिंगकडे शिकले, पॅरिसचे जेरार गियो डॉटकडून, माँट्रियलचे ज्यूल हार्डी गियोंकडून. धागा खरोखर इतका बारीक होता. पण प्रत्येकानं त्यात दृष्टीच वाढवली: डॉटनी आत घालायच्या उपकरणालाच दिवा बसवला, गियोंनी शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांचा पडदा वापरला, हार्डींनी 1960च्या दशकात सूक्ष्मदर्शक आणला. नुसत्या निष्ठेनं वाट जगली असती, तर ती हार्डींच्या आधीच सर्वत्र परतली असती. प्रतिजैविकं आणि कॉर्टिसोन या औषधांचं श्रेय मोठं आहे, यात वाद नाही. मात्र त्यांनी कवटी उघडणंही सुरक्षित केलं. मग निवड नाकाचीच का झाली, हे त्यांवरून कळत नाही.

1990च्या दशकात पिट्सबर्गला जो आणि कराऊ या डॉक्टरांनी दुर्बीण रुळवली आणि पिट्युटरीपलीकडच्या गाठीही आवाक्यात आल्या. इथे मात्र उजेडाचा सिद्धान्त अपुरा पडतो. सगळं दिसत होतं, पण तळाला पाडलेलं भोक बुजत नव्हतं. मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपायचं आणि मेंदूज्वराची भीती राहायची. तोडगा 2006 मध्ये जगापुढे आला: नाकाच्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलून त्या भोकावर फिरवून बसवायचं. त्यामुळे गळती बरीच आटोक्यात आली. रक्तवाहिन्यांच्या पलीकडे, बाजूला पसरलेल्या गाठींपुढे मात्र सरळ आत जाणारी ही वाट बहुधा थांबते. त्यांच्यासाठी अजूनही कवटीच उघडावी लागते.